पाहुणे जेवतायत

खोली दाखवायच्या आधी अण्णांनी मला हॉलमधल्या एका लाकडी स्टुलावर बसवलं आणि म्हणाले, "अर्धा तास बस. काय दिसतं ते सांग. मग खोलीचं बोलू."

सत्त्याण्णव साल. नागपूरहून नोकरीसाठी बंगळूरला येऊन मला तीन महिने झाले होते आणि हॉस्टेलच्या जेवणाला मी विटले होते. ऑफिसातल्या एका बाईंनी पत्ता दिला होता. इंदिरानगरात एक मराठी घर आहे, म्हातारा भाऊ आणि विधवा बहीण, वरची खोली रिकामी आहे, पण म्हातारा जरा तऱ्हेवाईक आहे. माझ्याआधी काही जण येऊन गेले होते हे मला नंतर कळलं. एकानं काचेवर टिचकी मारली म्हणून अण्णा त्याला तिथूनच फाटकापर्यंत पोचवून आले. दुसरीनं विचारलं, टाकी धूत का नाही? तिलाही खोली दिसली नाही.

समोर पाच फुटी काचेची टाकी होती. तीन बाजूंच्या काचांवर हिरवं शेवाळ चढलेलं, फक्त समोरची काच स्वच्छ. आत खडबडीत दगडांची रास. पांढऱ्या पट्ट्यांचा एक नारिंगी मासा वरखाली करत होता, तो लगेच दिसला. वीसेक मिनिटांनी दगडाची कड हलल्यासारखी वाटली आणि तिथून बोटाएवढा दुसरा मासा बाहेर आला. गडद निळा, आणि अंगभर नारिंगी-हिरव्या वेलांट्या, जणू नवीन पेन चालतं का बघायला कुणीतरी निळ्या कागदावर गिरगटून ठेवलंय. तो पोहण्यापेक्षा पोटाखालच्या परांवर चालत होता. दोन पावलं जायचा, थांबायचा, डोळे फिरवून दगडाकडे बघायचा, टुचकन टोच मारायचा आणि पुढे.

"काय दिसलं?" अण्णांनी विचारलं.

"तो सारखा काहीतरी खातोय. पण काय खातोय ते दिसत नाही."

अण्णांनी आत वळून हाक मारली, "अक्का, हिला वरची खोली दे."

अण्णा तेव्हा पासष्टीच्या आसपास होते. उंच, सडसडीत, पांढरी बनियन आणि पांढरी लुंगी. एका कारखान्यात बारीक पुर्जे तपासण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती आणि डोळ्याला लावायचं काळं भिंग निवृत्तीनंतरही त्यांच्या गळ्यात दोऱ्याला लटकत असे. तांदूळ निवडायला, बिलावरची बारीक अक्षरं वाचायला, अक्काच्या बोटातलं कुसळ काढायला, सगळ्याला तेच भिंग. "आमचे लोक तीनशे वर्षांपूर्वी घोड्यावर बसून इकडे आले," ते सांगायचे, "आणि परत जायचं विसरले." त्यांच्या मराठीत माझ्या आजीच्याही आजीचे शब्द होते आणि त्यांच्यामध्ये कन्नड शब्द. 'थोडं'ला ते 'स्वल्प' म्हणत, 'बरं'ला 'सरी', आणि मला 'मा'. माझ्या नागपुरी मराठीला ते हसत नसत, पण मी 'करून राहिली' म्हटलं की क्षणभर थांबत, मनात कुठेतरी नोंद करत, मग पुढे बोलत.

त्या निळ्या माशाला त्यांनी नाव ठेवलं नव्हतं. ते त्याला 'पाहुणे' म्हणत, आणि तेही आदरार्थी. "पाहुणे उठले." "पाहुणे आज डावीकडच्या दगडावर आहेत." "हळू बोल मा, पाहुणे जेवतायत." आणि पाहुणे उजाडल्यापासून मावळेपर्यंत जेवतच असत, त्यामुळे त्या घरात दिवसभर कुणी मोठ्यानं बोलत नसे. दारांच्या चौकटींना सायकलच्या ट्यूबचे तुकडे चिकटवलेले होते. अक्काला कुकर मागच्या अंगणात, धुण्याच्या दगडापाशी, स्टोव्हवर लावावा लागे. "माझं लग्न झालं त्या घरात सासूसुद्धा इतकी जपली नव्हती मी," अक्का म्हणायची. पण पावसातही छत्री धरून ती तिथेच कुकरजवळ उभी राहायची.

टाकीवरच्या शेवाळाबद्दल कुणी काही बोललं की अण्णांचं उत्तर ठरलेलं असे. "घाण नाही ती, शेत आहे. मी मासा पाळत नाही. मी शेती करतो. पाहुणे शेतावर जेवायला येतात."

पहिल्याच रविवारी त्यांनी मला भिंग देऊन काचेपाशी उभं केलं. आधी काही कळेना. मग शेवाळाच्या कडेला पांढरे ठिपके दिसले, रव्याच्या कणाहूनही लहान, आणि ते ठिपके चालत होते. झटक्यानं उडी मारायचे, थांबायचे, पुन्हा उडी. शेकडो होते. अण्णा त्यांना 'धान्य' म्हणत. दगडांच्या भोकांत, वाळूत, शेवाळात त्यांची पैदास होई आणि पाहुणे तेवढंच खात. बाजारात मिळणारं माशांचं खाणं तोंडापाशी नेलं तरी पाहुणे त्याच्याकडे ढुंकूनही बघत नसत. जिवंत हवं आणि हलतं हवं. म्हणून टाकी मोठी हवी, दगड जुने हवेत, आणि त्याच धान्यावर टपलेला दुसरा मासा नको. नारिंगी मासा तेवढा चालला, कारण तो वरून टाकलेलं खायचा. तो अक्काचा मासा. तिला हातातून खाणारं काहीतरी हवं होतं.

हे सगळं ते कुठे शिकले ते त्यांनी मला बऱ्याच दिवसांनी सांगितलं. निवृत्त झाले तेव्हा हौसेनं एक छोटी टाकी घेतली होती, आणि इथल्याच शिवाजीनगरच्या एका दुकानात हा रंग बघून पहिला पाहुणा घरी आणला होता. टाकी कोरी करकरीत, दगड धुतलेले, काचा आरशासारख्या.

"दिवसभर टोचत होता," अण्णा म्हणाले. "मला वाटलं, खातोय. शेजाऱ्यांना बोलावून दाखवलं, बघा कसा खातो. बाविसाव्या दिवशी मेला. बाहेर काढला तर पोट पाठीला लागलेलं. मा, तो टोचत होता आणि तिथे काही नव्हतंच. माझ्या घरी तीन आठवडे उपाशी होता आणि मी लोकांना बोलावून दाखवत होतो."

त्यानंतर त्यांनी ही मोठी टाकी केली आणि दोन वर्षं तिच्यात मासा सोडला नाही. नुसतं पाणी, दगड आणि दिवा. गल्लीतले लोक येऊन बघायचे आणि अक्काला हळूच विचारायचे, अण्णांची तब्येत बरी आहे ना? भिंगातून मोजून धान्य पुरेसं झालंय अशी खात्री पटल्यावरच हे दुसरे पाहुणे आले. मी राहायला गेले तेव्हा त्यांना टाकीत दीड वर्ष झालं होतं आणि त्यांचं पोट चांगलं गोल होतं. अण्णा रोज सकाळी आधी पोट बघत, मग पेपर.

वीज जायची तेव्हा तर बघण्यासारखं असे. पंप बंद पडला की पाण्यात हवा जात नाही. म्हणून हॉलच्या कोपऱ्यात लॉरीच्या चाकाची एक भली मोठी ट्यूब टम्म फुगवून भिंतीला टेकवून ठेवलेली असायची. वीज गेली की अण्णा तिच्या तोंडाला बारीक नळी जोडून टाकीत सोडत आणि हवा बुडबुड करत तासभर पुरे. नंतर ती रिकामी ट्यूब गळ्यात अडकवून ते नाक्यावरच्या पंक्चरवाल्याकडे चालत जात. अंगात पांढरी बनियन आणि गळ्यात काळी ट्यूब. माझ्या ऑफिसातल्या एकीनं त्यांना तसं पाहिलं आणि मला विचारलं, कोण गं ते? मी म्हटलं, माहीत नाही. ही काही मोठी गोष्ट नव्हे, पण आता आठवते.

समुद्राचं पाणी मलपेहून, किनाऱ्यावरच्या एका बंदरातून, यायचं. तिथे अण्णांचे एक मित्र होते. कारखान्यात वीस वर्षं दोघांचं टेबल एक, डबा एक. मित्र नोकरी सोडून गावी गेले आणि भावाच्या होडीवर जाऊ लागले. अण्णा त्यांना 'दोस्त' म्हणत, मीही तेच म्हणते. दर महिन्याला दोस्त पाण्याचे दोन कॅन रात्रीच्या बसवर चढवून देत आणि सकाळी अण्णा बसच्या ऑफिसातून रिक्षानं घेऊन येत. टाकीतले जुने दगडही दोस्तांनीच समुद्रातून काढून, ओल्या गोणपाटात गुंडाळून पाठवलेले. कॅनच्या झाकणाखाली कधी सुकी मासळी, कधी कोकम, कधी कन्नडमधली चार ओळींची चिठ्ठी. चिठ्ठीत फक्त हवा-पाणी आणि तब्येत. अण्णा ती दोनदा वाचत.

दुसऱ्या वर्षी अण्णांच्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला. अक्काची मुलगी हुबळीला एका दवाखान्यात नर्स होती, म्हणून ऑपरेशन तिकडे करायचं ठरलं. भाऊबहीण दोघं तीन आठवड्यांसाठी निघाले. टाकी माझ्या हवाली झाली.

"काही करायचं नाही, हेच काम आहे," अण्णा म्हणाले. "दिवा लाव, बंद कर. पाणी उडेल तेवढं गोडं पाणी वरून घाल. दोस्ताचे कॅन येतील ते आण आणि हळूहळू ओत. अक्काच्या माशाला चिमूटभर खाणं. बाकी हात घालायचा नाही. काही टाकायचं नाही. काही म्हणजे काही नाही."

"सरी अण्णा," मी म्हटलं. तेव्हा ते हसले.

आठव्या दिवशी अक्काच्या माशाच्या अंगावर पांढरे ठिपके दिसले. दुसऱ्या दिवशी वाढले. मासा दगडाला अंग घासू लागला. फोन करावा असं मनात आलं होतं, शेजारच्यांकडे हुबळीचा नंबर होता. पण डोळ्याला पट्टी बांधून पडलेल्या माणसाला कशाला घोर, असं म्हणून मी केला नाही. आणि खरं सांगायचं तर मला ते स्वतः निस्तरून दाखवायचं होतं. माशांच्या एका दुकानात जाऊन ठिपके सांगितले. दुकानदारानं निळ्या औषधाची बाटली दिली. रोज वीस थेंब, आठ दिवस. मी घातले. ठिपके गेले. अक्काचा मासा पुन्हा हातातून खाऊ लागला. निळ्या पाहुण्यांना काही झालेलं दिसलं नाही, ते पहिल्यासारखेच टोचत होते. काचेवरच्या लहान गोगलगाई मात्र एकेक करून खाली पडल्या. मी त्या जाळीनं काढून मागच्या अंगणात टाकल्या आणि फार विचार केला नाही. मधल्या काळात दोस्तांचे कॅन आले, तेही ओतले.

अण्णा परतले ते हिरवी पट्टी काढूनच. बॅग खाली ठेवली, भिंग नव्या डोळ्याला लावलं आणि काचेपाशी गेले. बराच वेळ उभे होते.

"दिसत नाहीत मा," ते म्हणाले. "डोळा अजून बसला नाही वाटतं. तू बघ."

मी भिंगातून पाहिलं. शेवाळ होतं. एकही ठिपका हलत नव्हता.

"आहेत की," मी म्हटलं. "थोडे आहेत."

का म्हटलं? बाटलीबद्दल बोलावं लागेल म्हणून. त्यांनी 'काही म्हणजे काही नाही' म्हटलं होतं आणि मी टाकलं होतं, एवढीच ती भीती. ती खोली मला आवडत होती, अक्काच्या हातची भाकरी आवडत होती. त्या पांढऱ्या ठिपक्यांचं जाणं केवढी मोठी गोष्ट आहे हे मला त्या क्षणी कळलेलं नव्हतं. पण खोटं होतं ते होतंच. माझ्या शब्दावर अण्णा दोनदा डॉक्टरकडे जाऊन आले. डोळा उत्तम आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं.

मग त्यांनी गोगलगाई शोधल्या. एकही सापडली नाही. त्या संध्याकाळी त्यांनी मला समोर बसवलं.

"पाण्यात काही घातलंस का मा?"

"नाही अण्णा."

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. त्यांना वाटे, माणसानं नाही म्हटलं म्हणजे नाही. ते नुसते विचार करू लागले, कारखान्यात करत असतील तसा. "दिवा तोच. पंप तोच. दगड तेच. मी नसताना बाहेरून नवीन काय आलं? फक्त पाणी." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "दोस्ताच्या पाण्याला वास होता का काही? होडीचं डिझेल, तसलं?"

मी गप्प राहू शकले असते. आठवत नाही, असं म्हणू शकले असते.

"हो," मी म्हटलं. "थोडा येत होता."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला नाक्यावरच्या फोनच्या बूथवर बरोबर नेलं, कारण वास मीच घेतला होता. काचेच्या त्या लहानशा खोलीत आम्ही दोघं दाटीनं उभे. तोवर मला कन्नड बऱ्यापैकी कळू लागलं होतं. अण्णांनी आधी तब्येत विचारली. मग म्हणाले, "या खेपेचे कॅन कुणी भरले? डिझेलचा कॅन तर नव्हता ना चुकून?" पलीकडून काहीतरी उत्तर आलं. अण्णा म्हणाले, "नाही, मी संशय घेत नाही. पण इथे मुलीनं वास घेतलाय. बंदराच्या धक्क्यावरच भरलं असशील घाईत, होतं असं." पलीकडचा आवाज चढला, रिसीव्हरबाहेर मलाही ऐकू येईल इतका. मग एकदम थांबला. अण्णा रिसीव्हर हातात धरून तसेच उभे राहिले.

"ठेवला त्यानं," ते म्हणाले. "इतक्या वर्षांत कधी असा ठेवला नव्हता."

पुढच्या महिन्यात कॅन आले नाहीत. त्याच्या पुढच्याही.

फोन झाला त्याच आठवड्यात मी ती निळी बाटली फेकून द्यायला पिशवीत घालत होते, तेव्हा मागच्या बाजूला बारीक इंग्रजी अक्षरं दिसली. त्यात तांबं असल्याचं लिहिलं होतं आणि गोगलगाई, कोळंबी किंवा तसले जीव असलेल्या टाकीत हे औषध घालू नये, असं म्हटलं होतं. मी ते जिन्यावर उभी राहून तीनदा वाचलं. खाली हॉलमध्ये अण्णा स्टुलावर बसले होते. दहा पायऱ्या होत्या. मी उतरले नाही. आता नुसतं औषधाचं सांगून भागणार नव्हतं, वासाचंही सांगावं लागणार होतं, आणि फोनवर जे झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं. उद्या सांगू, असं ठरवून मी वर गेले. असे बरेच उद्या गेले.

पाहुण्यांचं पोट आत जाऊ लागलं. आधी बाजूनं एक खळगी, मग डोक्यामागे एक. रंग मात्र तसेच झगमगीत, टोचणं तसंच चालू. एकदा मी अण्णांना बरं वाटावं म्हणून म्हटलं, "बघा, खातायत."

"टोचतात," अण्णा म्हणाले. "खात नाहीत."

त्यांनी काय काय केलं नाही! दोस्तांकडे जायचं नाही म्हणून रात्रीच्या बसनं मंगळूरला गेले आणि ताज्या डोळ्याची पर्वा न करता स्वतः कॅन भरून आणले. नवे दगड आणले. त्या दगडांवर धान्य होतं, भिंगातून मीही पाहिलं. चार दिवसांत टाकीत ते नाहीसं झालं. त्यांना कारण कळेना. तांबं वाळूत आणि जुन्या दगडांत बसलेलं होतं आणि हे त्या घरात फक्त मला माहीत होतं. मी एक वाक्य बोलले असते तर त्यांनी त्याच दिवशी पाहुण्यांना दुसऱ्या टबात, नव्या दगडांवर नेलं असतं. अजून दीड महिना हातात होता.

खिडकीत बाटल्यांची रांग लागली. खारट पाण्यात कसलीशी बारीक अंडी टाकून ते पिल्लं काढत, नारिंगी धुळीसारखी. स्टुलावर बसून, औषधाच्या ड्रॉपरनं ती पाहुण्यांच्या तोंडासमोर सोडत. दिवसातून सहा वेळा. हलत असेपर्यंत पाहुणे दोन-चार टिपत. पण त्या पाण्यात पिल्लं लवकरच थिजून खाली बसत आणि मग पाहुणे तोंड फिरवत. अण्णांचा हात तसाच पाण्यात. अक्का म्हणायची, "जेवून तरी घे रे." ते म्हणायचे, "हे जेवू दे आधी."

सव्वादोन महिन्यांनी, एका शनिवारी सकाळी, मी खाली आले तर टाकीचा दिवा लागलेला नव्हता. अण्णांनी पाहुण्यांना अक्काच्या छोट्या स्टीलच्या ताटलीत ठेवलं होतं. बाहेर काढल्यावर तो मासा इतका लहान दिसत होता की माझ्या करंगळीएवढाही भरला नसता. मागच्या अंगणात कढीपत्त्याच्या झाडाखाली त्यांनी खड्डा केला. मी पाण्याचा तांब्या धरून उभी होते.

"दोनदा झालं हे माझ्या हातून," अण्णा म्हणाले.

मी तांब्यातलं पाणी मातीवर ओतलं.

अक्काचा मासा ओळखीच्या एका घरी दिला. टाकी उपसली, शेवाळ काचेवर वाळून तपकिरी झालं. कुकर आत आला. सगळे नेहमीच्या आवाजात बोलू लागले आणि त्या घरात मला करमेनासं झालं. अण्णा पेपर वाचत, संध्याकाळी फिरून येत. भिंग गळ्यात नसे, पण पेपर वाचताना त्यांचा हात मधूनच छातीवर जाऊन ते शोधत असे.

वर्षभरानं मलपेहून लग्नाची पत्रिका आली. दोस्तांच्या धाकट्या मुलीचं लग्न. पाकिटावर फक्त अक्काचं नाव होतं. अण्णांनी ते वाचलं, पाकीट उलटून मागची बाजूही पाहिली आणि अक्काच्या हातात दिलं. "तुला बोलावलंय," म्हणाले, आणि चपला घालून बाहेर पडले. ही मुलगी पाच वर्षांची असताना अण्णांच्या खांद्यावर बसून लालबागेत फुलांचं प्रदर्शन बघायला यायची, हे अक्कानं मला सांगितलं आणि पदरानं डोळे पुसले.

अण्णा परत आले तेव्हा मी जिन्याखाली उभी होते. मी सगळं सांगितलं. थेंब, गोगलगाई, भिंगातलं खोटं, वास. मध्ये थांबले नाही, कारण थांबले असते तर पुढचं बोलता आलं नसतं. अक्का स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती.

अण्णा स्टुलावर बसले.

"किती थेंब?"

"रोज वीस."

"किती दिवस?"

"आठ."

त्यांनी मनात हिशोब केला. ओठ हलताना दिसले. "मग दगडात बसलं असणार," ते म्हणाले. "म्हणून मंगळूरचं धान्य टिकलं नाही. सरी." मग माझ्याकडे न बघता, "त्याचं पाणी चांगलं होतं."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते उठून आत गेले आणि अक्काला म्हणाले, "लग्नाला आपण जायचं. मला बोलावलं नाही तरी." मग दारातून मला म्हणाले, "तूही चल."

मलपेला लग्न घरापुढच्या मांडवात होतं, नारळाच्या झाडांमध्ये. दोस्त दारातच उभे होते. बुटके, काळेसावळे, पांढऱ्या मिशा, खांद्यावर नवं उपरणं. अक्काला बघून त्यांचा चेहरा उजळला. "बन्नी अक्का, बन्नी," म्हणत त्यांनी हात जोडले. मग मागे अण्णा दिसले. हात जोडलेलेच राहिले, चेहरा मात्र मिटला.

अण्णांनी तिथेच, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या मध्ये, कन्नडमध्ये सांगितलं, "तुझं पाणी चांगलं होतं. चूक माझ्या घरात झाली. मी तुला बोललो ते चुकीचं बोललो."

त्यांनी माझं नाव घेतलं नाही. मी पुढे झाले आणि मोडक्या कन्नडमध्ये म्हटलं, "औषध मी घातलं होतं. पाण्याला वास नव्हता. मी खोटं सांगितलं."

दोस्तांनी माझ्याकडे पाहिलं, पण बोलले अण्णांशी.

"धक्क्यावर भरलं म्हणालास," ते हळू आवाजात म्हणाले. "समोरच्या बेटाच्या पलीकडे, स्वच्छ पाण्यात जाऊन भरत होतो मी. दर महिन्याला. भाऊ हसायचा. दुसऱ्या कुणाला कॅनला हात लावू दिला नाही. आणि तू मला विचारलंस ते एका मुलीच्या सांगण्यावरून."

"हो," अण्णा म्हणाले.

"वीस वर्षं एका टेबलावर बसलो आपण."

"हो."

मांडवातून कुणीतरी दोस्तांना हाक मारली. त्यांनी उपरणं सारखं केलं. "ऊट माडी," ते म्हणाले. जेवून जा. दारात आलेल्या कुणालाही म्हणतात तसं. आणि आत गेले. पुन्हा आमच्याकडे आले नाहीत. आम्ही पंगतीत बसून जेवलो. अण्णांनी पान स्वच्छ केलं, काही टाकलं नाही. निघताना त्यांनी मांडवाच्या दोरीपाशी थोडा वेळ रेंगाळून पाहिलं, पण दोस्त वरपक्षाच्या माणसांत होते.

परतीच्या बसमध्ये अण्णा खिडकीशी बसले. घाट सुरू झाल्यावर म्हणाले, "सांगितलंस ते बरं केलंस मा." आणि घाट संपल्यावर, बाहेरच बघत, "स्वल्प लवकर सांगायला हवं होतं."

महिन्याभरानं मी बंगळुरातच, हेब्बाळला, एका मैत्रिणीबरोबर जागा घेतली. मला कुणी जा म्हटलं नव्हतं. निघायच्या दिवशी अक्कानं लोणच्याची बरणी दिली आणि पाठीवरून हात फिरवला. अण्णांनी माझी मोठी बॅग स्वतः उचलून रिक्षात ठेवली, ड्रायव्हरला पत्ता समजावला, बरणी सांडू नये म्हणून तिच्याखाली पेपरची घडी घातली. घरमालकानं करायचं ते सगळं त्यांनी केलं.

"येते अण्णा," मी म्हटलं. आपण निघणाऱ्याला 'ये' म्हणतो. त्यांच्याकडेही तसंच म्हणतात. अडीच वर्षं रोज सकाळी ऑफिसला निघताना मी 'येते' म्हणायची आणि ते पेपरमधून वर न बघता 'ये मा' म्हणायचे.

अण्णा फाटकाला हात लावून उभे होते.

"जा मा," ते म्हणाले. "नीट जा."